मशीन बंद होतं तेव्हा

नंदू,

तुला शिवी घालायची आहे आणि माझी नेहमीची शिवी आता वापरता येत नाही. कॉलेजपासून तुला "मेल्या" म्हणत आले. उशिरा आलास की मेल्या, टेप उलट्या बाजूने लावलीस की मेल्या, माझ्या बँडला नावं ठेवलीस तर दोनदा. तेराव्याला तुझ्या फोटोसमोर उभी होते, तुझ्या बायकोने, वैशालीने, हातात फुलं दिली आणि तोंडात तोच शब्द आला. गिळला. त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच गिळलं होतं, ते आता इथे काढते. ऐकून घे. जन्मभर मला ऐकायला लावलंस, आता तुझी पाळी.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! लोकांना तू फसवलं नाहीस.

आपण तिघं. तुझा रेवदंड्यातला, वडिलांपासून चालत आलेला बर्फाचा कारखाना, माझं घर रेवदंड्यातच, पण चष्म्याचं दुकान अलिबागला, आणि अन्वर मांडव्याच्या धक्क्यावर बोटीच्या तिकीट खिडकीत. गावाच्या लेखी तिघंही बरी माणसं. दर गुरुवारी दुपारी कारखान्याच्या वरच्या केबिनमध्ये बसून आपण जे ऐकायचो, त्याला काय म्हणतात हे मात्र गावात कोणाला सांगून उपयोग नव्हता. पोस्ट-पंक. माझ्या आईने एकदा विचारलं, "हे कसलं गं मेलं?" मी सांगितलं, "आधी काही पोरं आली ती नुसतीच ओरडली. मग दुसरी आली, तीही तेवढीच चिडलेली, पण ती आधी बसून विचार करायची." आई म्हणाली, "म्हणजे तुझ्या बाबांसारखी." याच्यापेक्षा बरी व्याख्या मला पुढे कुठल्या मासिकात सापडली नाही.

आपली एक रीत होती, तूच काढलेली. काहीही लावायच्या आधी उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या. गाव, नाव, आणि पाट की पडवी. पाटावरचे म्हणजे जगाने मानाने बसवून जेवू घातलेले, नावाजलेले. पडवीतले म्हणजे तेवढ्याच गुणांचे, पण ज्यांना कोणी आत बोलावलं नाही ते. आणि गाव सगळ्यात आधी, हा तुझा हट्ट. "गाव कळल्याशिवाय गाणं कळत नाही," असं म्हणायचास, सोयरीक जुळवायला निघालेल्या काकासारखा. मँचेस्टर, लीड्स, बर्लिन. आपण तिघंही मुंबईच्या पुढे गेलो नव्हतो, पण त्या गावांतल्या गल्ल्या आपल्याला पाठ होत्या.

अन्वर पाटावरचा. त्याचा जीव "लांब कोट" या बँडवर. त्यांचं खरं नाव सोडून आपण त्यांना लांब कोटच म्हणायचो, कारण त्यातला गाणारा प्रत्येक फोटोत घोट्यापर्यंत कोट घालून उभा. "अरे, दुनिया काय येडी आहे का?" अन्वर तावातावाने म्हणायचा. "एवढी पब्लिक ऐकते म्हणजे काय तरी असंल ना त्यांच्यात! तुम्हा दोघांना काय, चार लोकांना कळलं की तुमचा बँड बाटतो." मी पडवीतली. माझ्या "विळीवाल्या". लीड्सच्या तीन पोरी, विळीवर नारळ खवावा तशी त्यांची गिटार. एक रेकॉर्ड काढून आपापल्या घरी गेल्या. त्यांतली बास वाजवणारी लोकांकडे पाठ करून उभी राहायची आणि अख्खं गाणं तिच्या चार तारांवर उभं असायचं. मला ती व्हायचं होतं. हे तुला माहीत होतं. तुलाच काय ते माहीत होतं.

म्हणून तर पंचविशीत मी मुंबईला जाऊन जुनी बास गिटार विकत घेतली. तिला बोटीत मांडीवर घेऊन मांडव्याला उतरले तेव्हा तू स्कूटर घेऊन धक्क्यावर उभा होतास. बास तुझ्या माझ्या मध्ये आडवी धरून आपण रेवदंड्यापर्यंत आलो. समोरून येणारी एस.टी. बघून मी किंचाळले आणि तू ओरडलास, "शुभे, आपण बँड काढू!" काय आनंद झाला होता मला, सांगू! लग्न ठरल्यावरही एवढा झाला नव्हता. तो पावसाळा आपण केबिनमध्ये वाजवत बसलो. तुझ्याकडे तुझी गिटार, माझ्याकडे बास, अन्वर पत्र्याच्या डब्यावर. वाईट वाजायचं, पण आपलं होतं.

आणि मग एका दुपारी तूच गिटार खाली ठेवलीस. "शुभे, हे आपलं काम नाही," म्हणालास. "आपण ऐकणारी माणसं. हे संगीत कुठून येतं? बंद पडलेल्या गिरण्या, धुकं, बेकारी, काळ्या विटांची घरं. आपल्याकडे काय आहे? सुपारीच्या बागा आणि वाळत घातलेलं सुकट. इथून हे निघणार नाही. निघालं तर नक्कल निघेल. नक्कल करण्यापेक्षा मन लावून ऐकावं." किती समजूतदार बोललास, मेल्या. (बघ, निघालाच तोंडातून.) मी भांडले, अन्वर भांडला, पण तू आपल्यातला वाचलेला माणूस. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, पुढे मी ते दुसऱ्यांना सांगत सुटले. दुकानात एखादं पोरगं गिटार पाठीला लावून चष्मा करायला आलं की मनात म्हणायचे, वाजव बाबा चार दिवस, मग तूही ऐकायला लागशील. बास माळ्यावर गेली. तिच्यावर गोधड्या, गोधड्यांवर गणपतीचं मखर.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तू ती टेप आणलीस.

आठवतंय ना? तू उभा राहिलास, घसा साफ केलास. "गाव, ग्रिम्सबी. इंग्लंडमधलं मासेमारीचं बंदर. नाव, सॉल्ट क्लार्क्स. पडवी." मिठाचे कारकून! आम्ही हसलो. तुझा कोणी मावसभाऊ जहाजावर होता, त्याने तिकडच्या जुन्या बाजारातून टेप आणली म्हणालास. एकच प्रत, पट्टी जुनी, म्हणून ती केबिनबाहेर न्यायची नाही आणि कॉपी करायची नाही. तिकडेसुद्धा होड्या, मासळी, बर्फाचे कारखाने असतात म्हणालास. "अगदी आपल्यासारखं," अन्वर म्हणाला. तू मान डोलावलीस. कशी रे मान डोलावलीस?

चार गाणी. ड्रम नाहीत, बास नाही. एक गिटार, एक जुनाट पेटीसारखा कीबोर्ड आणि विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज. शब्द कळायचे नाहीत. त्याचं काही नव्हतं, त्या संगीतात सगळेच पोलीस चौकीत जबाब दिल्यासारखे गातात. पण नंदू, मी त्या चार गाण्यांच्या प्रेमात पडले. विळीवाल्यांनासुद्धा दुसरा नंबर दिला. ड्रम नसून त्याला ताल कसा आहे, यावर आपण किती गुरुवार घालवले! तू म्हणायचास, "ताल ऐकणाऱ्याने मनाने भरायचा असतो." मी ते वाक्य घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं होतं. तो आवाज कुठे रेकॉर्ड केला असेल यावर अन्वर म्हणायचा चर्चमध्ये, मी म्हणायचे बोगद्यात. तू चहा ओतत ऐकत असायचास.

आणि मी दर वेळी एकच तक्रार करायचे. "सगळं आहे रे यांच्याकडे. फक्त बास नाही. इथे, बघ, इथे कोणीतरी खालच्या सुरात यायला हवं होतं." तू म्हणायचास, "जागा सोडलीय त्यांनी. असू दे."

मग इंटरनेट आलं, आणि जगभरातल्या वेड्यांचा तो गप्पांचा गट मला सापडला. आपल्यासारखेच लोक, कोणाचा कुठला बँड थोर आणि कोणावर अन्याय झाला, यावर दिवसरात्र भांडणारे. मला तर पंगतीला बसल्यासारखं झालं. मी तिथे सॉल्ट क्लार्क्सवर लिहिलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण जीव ओतून लिहिलं. की या बँडला कोणी विचारलं नाही ही लाज आहे. ग्रिम्सबीचाच एक म्हातारा तिथे होता. त्याने लिहिलं, "मी इथे जन्मलो, इथल्या प्रत्येक दारूच्या गुत्त्यात वाजवलंय, असा बँड इथे कधी नव्हता." मी त्याच्याशी भांडले! त्याच्या गावाबद्दल, त्याच्याशी! मी म्हटलं, तुम्हीच त्यांना पडवीत बसवलंत, तुम्हाला कसे दिसणार? मग सगळे तुटून पडले. पुरावा दे म्हणाले. रेकॉर्डिंग टाक म्हणाले. ते मी टाकू शकत नव्हते, टेप बाहेर न्यायची नाही ना! खोटारडी म्हणाले. स्वतःला मोठं दाखवायला बँड बनवून सांगणारी बाई म्हणाले. मला गटातून काढून टाकलं.

मी तुझ्या केबिनमध्ये येऊन रडले. चष्म्याच्या दुकानात पन्नाशीकडे झुकलेली बाई एका बँडसाठी रडली असती तर गिऱ्हाईक पळालं असतं, म्हणून तुझ्याकडे आले. तू माझ्यासाठी खालून पाण्याचा तांब्या आणलास. "सोड गं," म्हणालास, "अडाणी आहेत." माझ्या पाठीवर थोपटलंस. तो तुझा हात मला आता आठवतो आणि अंगावर काटा येतो, नंदू. तो म्हातारा खरं बोलत होता. त्या सगळ्या खोलीत, सगळ्या जगात, खोटं बोलणारा एकच माणूस होता आणि तो माझी पाठ थोपटत होता.

आता त्या दुपारचं सांगते, जी तुला माहीत नाही.

तू गेलास ते मासेमारी बंदीच्या दिवसांत. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांच्यावर निळं प्लास्टिक. बर्फाला तशीही मागणी कमी. काशीनाथमामा, ज्याने तुझ्या वडिलांपासून खालचं बर्फाचं मशीन सांभाळलं, त्याने वैशालीला सांगितलं, "शेट गेलं, मशीन तेराव्यापरयंत बंद ठेवतो." एरवी बंदीतसुद्धा हॉटेलवाल्यांसाठी ते चालायचंच. आम्ही तुझ्या केबिनमध्ये ते बंद असलेलं कधी ऐकलंच नव्हतं. वीज गेली की ते बंद पडायचं, पण मग आपला डेकही बंद पडायचा आणि आपण भजी आणायला बाहेर जायचो.

वैशाली आम्हाला म्हणाली, "त्यांना भजनं आवडायची नाहीत. तुम्ही दोघं तुमचं काय ते लावा त्यांच्यासाठी." म्हणून गुरुवारी मी आणि अन्वर वर गेलो. पाऊस उघडला होता. इतकं शांत, की अन्वरच्या गुडघ्याची कटकट ऐकू आली. खिडकीतून खाडीवरचे कावळे ऐकू येत होते. एवढी वर्षं तिथे कावळे आहेत हे मला माहीत नव्हतं. तुझ्या खुर्चीकडे कोणी बघेना.

"काय लावायचं?" अन्वर म्हणाला. "त्याचंच लाव," मी म्हटलं. उभी राहिले, रीतीप्रमाणे सांगितलं. गाव ग्रिम्सबी, नाव सॉल्ट क्लार्क्स, पडवी. टेप लावली.

आणि खाली मशीन सुरू झालं.

धुप, धुप, धुप, टक. पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना होणारी ती टक. अन्वर चिडला. "मामाला काय जरा पण कळत न्हाय? तेराव्यापर्यंत बंद ठेवतो म्हणाला ना!" तो तणतणत जिना उतरला. मी ऐकत बसले. गिटार आली, तुझी ती पेटी आली, विहिरीतला आवाज आला. अन्वर परत वर आला तेव्हा दारातच उभा राहिला. आत येईना.

"शुभा," तो म्हणाला, "मशीन बंद आहे. पट्टा काढून भिंतीला लावलाय."

धुप, धुप, धुप, टक. स्पीकरमधून. सांगते ना तुला, मला आधी वाटलं तू आलास. देवाशपथ. भुतावर माझा विश्वास नाही, तरी पहिल्यांदा तेच वाटलं. मग हळूहळू कळत गेलं. ड्रम नसून ताल कुठून येत होता ते कळलं. ती टेप बाहेर का न्यायची नव्हती ते कळलं. एवढी वर्षं खाली मशीन चालू असताना वर आम्ही तेच मशीन टेपवर ऐकत होतो. एक दुसऱ्यात विरघळून गेलं होतं. मी तर म्हणायचे, "हा बँड इथेच चांगला लागतो." मीच म्हणायचे!

चौथं गाणं संपलं. ते संपलं की तू लगेच बटण दाबायचास, तुझं बोट आधीपासून तिथे तयार असायचं. आम्हाला वाटायचं जुन्या पट्टीला जपतोस. आता दाबायला कोणी नव्हतं. टेप फिरत राहिली. खुर्ची सरकली. मग काशीनाथमामाचा आवाज आला, तरुण, पण त्याचाच. "शेट, डबं भरायला घेऊ का?" आणि तू. किरटा, नेहमीचा, तुझा. "थांब रे जरा. झालंच."

अन्वर खाली बसला. मग हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, "साल्याने काय बनवलं आपल्याला, काय बनवलं!" करत. मला हसू आलं नाही. मला अजून आलेलं नाही.

काशीनाथमामाला विचारलं तर तो बिचारा गोंधळला. "व्हय, शेट वाजवायचं ना. आयतवारी, कुनी नसताना. बर्फाच्या रिकाम्या डब्यात त्वांड घालून गायचं. मला म्हनालं कुनाला सांगू नको, मी न्हाय सांगितलं." चर्चही नव्हतं आणि बोगदाही नव्हता. बर्फाचा डबा! आणि वैशाली म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं तुम्हाला दोघांना माहीत आहे. ते म्हणायचे, शुभाला माझी गाणी फार आवडतात."

माझी गाणी. तिला "माझी" म्हणून सांगितलंस.

आता तू म्हणशील, मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही खरं बोलला नसतात. मित्राचं म्हणून छान छान म्हणाला असतात. मला ग्रिम्सबीचं नाव लावल्यावर खरं कौतुक मिळालं. मला माहीत आहे तू हेच म्हणशील, तुझी बाजूसुद्धा मलाच मांडावी लागते आता. अन्वरने तेच म्हटलं. "अरे, लाजला असंल तो. आपल्यासमोर कसं सांगणार?" असेल. लाजला असशील. तेवढं मी समजून घेतलं असतं. वर्षभर खोटं बोलला असतास, दोन वर्षं, तरी हसून कपाळावर हात मारला असता.

पण तू मला सांगितलं होतंस की इथून हे निघणार नाही. माझ्या हातातली बास खाली ठेवायला लावलीस. आणि मग रविवारी एकटा जाऊन इथूनच ते काढलंस. या मशीनमधून, या डब्यांतून, सुकटाच्या वासात. गिरण्या आणि धुकं लागत नव्हतं तर! आणि मला वर बसवून विचारत होतास, कसं वाटलं? मी तुला सांगत होते की इथे बास हवी होती. बास कुठे होती हे तुला माहीत नव्हतं का, नंदू? माझ्या माळ्यावर होती. तुझ्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. एकदा हाक मारायची होतीस. "शुभे, ये." एवढंच. मी कणकेचे हात तसेच घेऊन आले असते.

जागा सोडलीय म्हणालास. जागा माझ्यासाठी सोडली होतीस की मला टाळून ती उरली होती? हे मला कोण सांगणार आता? अन्वर म्हणतो तुझ्यासाठीच. वैशाली म्हणते, ते कधी बोलले नाहीत. शेवटच्या गुरुवारी तू काही सांगायला आला होतास, ओठापर्यंत आलं होतं, असं आठवायला मला फार आवडलं असतं. खूप आठवून बघितलं. तू फक्त भजी गार झाली म्हणून कुरकुरलास आणि लांब कोटांवरून अन्वरशी भांडलास.

आणि तरी बघ. ज्याने पहिली टेप हातात ठेवली तो तूच. अलिबागच्या कॉलेजच्या पायरीवर, "हे ऐक, डोकं फिरेल," म्हणून. फिरलं ते आजतागायत ठिकाणावर नाही. बाबा गेले तेव्हा सगळे "वाईट झालं" म्हणून गेले आणि तू काहीच न बोलता विळीवाल्यांची रेकॉर्ड घेऊन आलास, कुठून पैदा केलीस देव जाणे. ते मी विसरलेले नाही. विसरता येत असतं तर सोपं झालं असतं, तुला सरळ वाईट माणूस म्हणून मोकळी झाले असते. ती गाणीसुद्धा वाईट असती तर बरं झालं असतं. ती वाईट नाहीत, नंदू. हेच तर रडणं आहे. ती फार चांगली आहेत.

तेरावं झालं. मशीन सुरू झालं. मी माळ्यावरून मखर उतरवलं, गोधड्या काढल्या. तारा खाऱ्या हवेने गंजून गेल्या होत्या, दोन तर हात लावताच तुटल्या. अन्वरने मुंबईहून नव्या मागवल्या. बोटं एवढी जड झाली आहेत की पहिल्या दिवशी नखाखाली रक्त साकळलं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "हे काय आता या वयात?" मी म्हटलं, "याच वयात."

काल गुरुवार होता. अन्वर म्हणाला, "त्याच्या टेपवर वाजव ना. त्याने जागा ठेवलीय, तू भर. पुरं होईल." त्याचं मन चांगलं आहे. पण मी नाही म्हटलं. जिवंतपणी बोलावलं नाहीस, आता मी न बोलावता येऊन तुझं गाणं पुरं करू? ती जागा तशीच राहू दे. ऐकणाऱ्याला कळू दे, इथे कोणीतरी हवं होतं.

टेप मात्र आधी लावली. उभी राहिले, घसा साफ केला. "गाव, रेवदंडा," मी म्हणाले. "नाव, नंदू." खाली मशीन चालू होतं.

"पाट की पडवी?" अन्वरने विचारलं.

"पडवी," मी म्हणाले. "पण दार उघडं होतं. हा स्वतःच आत आला नाही."

चार गाणी ऐकली. संपल्यावर मी स्वतः बटण दाबलं. मग बास घेऊन तुझ्या खुर्चीत बसले. मला जे येत होतं ते फार थोडं होतं, चार सुरांचं, तेही अडखळत. अन्वरने पत्र्याचा डबा ओढून घेतला. मी सुरू करणार तेवढ्यात त्याने हात वर केला.

"रीत आहे बाई," तो म्हणाला. "गाव?"

"हेच," मी म्हणाले.